सुरतेच्या किनाऱ्यावर हिवाळी सहल : तारखेआधी तिथी पाहावी

डिसेंबर उजाडला की गोव्याचे किनारे पाहुण्यांनी भरून जातात आणि गोमंतकीय कुटुंबे स्वतःच्या सहलीसाठी राज्याबाहेर पाहू लागतात. त्यांतली बरीच कुटुंबे सुरतेला जातात. निमित्त बहुधा लग्नाच्या खरेदीचे असते. रिंग रोडवरचे कापडबाजार हे मुख्य आकर्षण. परंतु सुरत हे तापीच्या मुखाजवळचे शहर आहे. शहरापासून तासाभराच्या आत डुमस व सुवाली हे दोन किनारे आहेत. दक्षिणेकडे उभराट, दांडी, तिथल व दमण अशी किनाऱ्यांची साखळीच आहे. खरेदीच्या दोन दिवसांना समुद्राचे दोन दिवस जोडले, तर हिवाळ्यातली चार दिवसांची सहल सहज आखता येते.

मात्र ही आखणी करताना गोव्याच्या समुद्राचा अनुभव बाजूला ठेवावा लागतो. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी असलेला हा किनारा वेगळ्या स्वभावाचा आहे. येथे पाणी कोसभर दूर गेल्यासारखे वाटते आणि काही तासांत पायाशी येऊन थांबते. वाळू काळसर, पाणी गढूळ, आणि राज्यात दारूबंदी. या तीन गोष्टी आधी ठाऊक नसल्या तर सहल निराशेची होते. पहिल्या व तिसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले तर ती संकटाचीही होऊ शकते.

कोणता काळ चांगला

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सुरतेच्या सहलीला सर्वांत अनुकूल. या दिवसांत दुपारचे तापमान तीस अंश सेल्सिअसच्या आसपास राहते व पहाटे ते पंधरा अंशांच्या जवळ उतरते. हवा कोरडी असते. किनाऱ्यावर सायंकाळी वारा गार होतो, म्हणून लहान मुले व वृद्ध सोबत असल्यास अंगभर पांघरूण किंवा स्वेटर जवळ ठेवावा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर किनाऱ्यावर अंधार झपाट्याने दाटतो.

या काळात दोन आकर्षणे असतात. पहिले म्हणजे पोंक, अर्थात ज्वारीचा कोवळा हुरडा. तो साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातच मिळतो. दुसरे म्हणजे १४ जानेवारीचे उत्तरायण. मकरसंक्रांतीच्या या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणाला सारे शहर गच्चीवर असते. पतंगांचा हा उत्सव पाहण्याजोगा आहे. परंतु त्या दोन दिवसांत बाजार मंदावलेले असतात व दुचाकीवरून फिरणे धोक्याचे असते. काचेची धार दिलेला मांजा रस्त्यावर आडवा आला तर गळा कापला जातो. म्हणून शहरातल्या अनेक उड्डाणपुलांवर या दिवसांत दुचाकींना मनाई केली जाते. ज्यांना खरेदी करायची आहे त्यांनी संक्रांतीचा आठवडा टाळावा. ज्यांना उत्सव पाहायचा आहे त्यांनी दोन-तीन महिने आधी निवासाची सोय करावी.

समुद्राचा स्वभाव

गोव्याच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी, म्हणजेच गोमंतकात जिला सुकती म्हणतात ती, यांच्या पाण्याच्या पातळीतला फरक उधाणाच्या दिवसांतही सुमारे दोन मीटर असतो. सुरतेजवळ हझीऱ्याच्या परिसरात हाच फरक उधाणाला सहा मीटरांच्या आसपास जातो. आखातात आणखी आत, भावनगरच्या बाजूला, तो दहा मीटरांच्याही पुढे जातो. जगातील सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीच्या ठिकाणांत खंबातच्या आखाताची गणना होते.

याचे कारण आखाताच्या आकारात आहे. दक्षिणेकडे रुंद तोंड असलेले हे आखात उत्तरेकडे नरसाळ्यासारखे निमुळते होत जाते व तळही उथळ होत जातो. अरबी समुद्रातून आत शिरणाऱ्या भरतीच्या लाटेला पसरायला जागा उरत नाही, म्हणून पाणी उंच चढते. शिवाय आखाताची लांबी व खोली अशी आहे की आत आलेली लाट परत फिरताना पुढच्या भरतीला बळ देते. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करताना प्रवाह वेगवान होतो आणि तळाचा गाळ सतत ढवळला जातो. समुद्राचे पाणी मातकट दिसते ते या गाळामुळे, आणि हिवाळ्यातही ते निवळत नाही.

वाळूचा काळेपणाही भूगोलातूनच आलेला आहे. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते व खानदेशातून ७००हून अधिक किलोमीटर वाहत येते. तिचे खोरे मुख्यतः दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकाचे. त्या खडकाची झीज होऊन आलेले लोहयुक्त, गडद कण किनाऱ्यावर साचतात. डुमसच्या काळ्या वाळूविषयी भुताखेतांच्या पुष्कळ कथा सांगितल्या जातात. वाळूचा रंग मात्र सह्याद्रीच्या दगडाचाच आहे.

दिवस कसा निवडावा

सुरतेचा किनारा पाहण्यासाठी योग्य दिवस निवडणे म्हणजे पाणी किनाऱ्याजवळ असेल अशी सायंकाळ निवडणे. ओहोटीच्या वेळी गेलेल्या प्रवाशाला समोर केवळ चिखलाचे मैदान दिसते आणि समुद्र दूरवर चकाकणारी रेघ होऊन राहतो.

दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. एखाद्या दिवशी सायंकाळी पाच वाजता पूर्ण भरती असेल, तर आठवड्यानंतर त्याच वेळी जवळजवळ पूर्ण ओहोटी असेल. आणि सुमारे पंधरवड्याने पुन्हा पाचच्या आसपास भरती येईल. याचा अर्थ असा की सायंकाळच्या भरतीचे दिवस महिन्यात दोनदा, प्रत्येक वेळी तीन-चार दिवस सलग येतात. सहलीची तारीख त्या दिवसांत बसवावी.

भरतीची वेळ चंद्रावर अवलंबून असल्याने एका ठिकाणी विशिष्ट तिथीला भरती साधारण त्याच वेळी येते. कोकणातले मच्छीमार तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात; चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. हा हिशेब मुंबईच्या आसपास ढोबळमानाने जुळतो. आखातात पाणी पोहोचायला अधिक वेळ लागतो, म्हणून सुरतेला तो जसाच्या तसा लावू नये. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो आणि हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र संकेतस्थळावर अंदाज देते. तिकीट काढण्यापूर्वी त्यांत हझीऱ्याच्या परिसराच्या वेळा पाहून घ्याव्यात.

भरतीची उंचीही तिथीनुसार बदलते. पौर्णिमा व अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी सर्वांत वर येते व सर्वांत दूर जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा चढउतार कमी व प्रवाह मंद असतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी अष्टमी-नवमीच्या आसपासचे दिवस पाहावेत. समुद्राचे रौद्र रूप पाहायचे असेल त्यांनी उधाणाचा दिवस निवडावा, पण तो धक्क्यावरून किंवा उंच जागेवरूनच पाहावा.

किनारे कोणते

डुमस. तापीच्या मुखाच्या दक्षिण बाजूला, शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर. सुरतेचा विमानतळ याच रस्त्यावर मगदल्ल्याजवळ असल्याने विमानाने येणाऱ्यांना हा किनारा सर्वांत सोयीचा. येथे दरिया गणेशाचे मंदिर आहे. सुरतकरांची रविवारची सायंकाळ डुमसला जाते. टोमॅटोची भजी, भाजलेली कणसे, उंट-घोड्यांची रपेट असा जत्रेचा थाट असतो. शांतता हवी असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे.

सुवाली. तापीच्या उत्तर बाजूला, हझीऱ्याजवळ, शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर. वाटेत हझीऱ्याचे कारखाने लागतात, पण किनारा मोकळा व रुंद आहे. खाण्यापिण्याची सोय मर्यादित असल्याने पाणी व फराळ सोबत न्यावा. या किनाऱ्याचे इतिहासातले स्थान मोठे आहे. तापीचे मुख गाळाने उथळ असल्याने समुद्रपार जाणारी मोठी जहाजे सुवालीच्या खोलगट प्रवाहात नांगर टाकत. १६१२च्या अखेरीस टॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाच्या जहाजांनी येथेच गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेच्या आरमाराला मागे हटवले. या लढाईनंतर सुरतेत इंग्रजांची वखार रुजली. १६१५ साली जहांगिराच्या दरबाराकडे निघालेला इंग्रज वकील टॉमस रो याच किनाऱ्यावर उतरला. जुन्या गोव्याच्या वैभवाला उतरती कळा लागली त्या कथेचे एक पान सुवालीच्या वाळूवर लिहिले गेले आहे.

उभराट व दांडी. दोन्ही नवसारी जिल्ह्यात. उभराट सुरतेपासून सुमारे ४० किलोमीटरवर. झाडीचा, कमी गर्दीचा किनारा. दांडी नवसारीपासून वीसएक किलोमीटरच्या आत. १२ मार्च १९३० रोजी साबरमती आश्रमातून निघालेले महात्मा गांधी ५ एप्रिलला येथे पोहोचले आणि ६ एप्रिलला त्यांनी मूठभर मीठ उचलून कायदा मोडला. त्यांच्यासोबत चाललेल्या सत्याग्रहींत आश्रमाचे गायक पंडित नारायण मोरेश्वर खरे हे मराठी संगीतज्ञही होते. ३० जानेवारी २०१९ रोजी येथे राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारकाचे उद्घाटन झाले. स्मारक, गांधीजी उतरले होते ती सैफी व्हिला आणि किनारा यांसाठी अर्धा दिवस राखावा.

तिथल. वलसाडपासून सुमारे पाच किलोमीटरवर. काळी वाळू, किनाऱ्यालगतचा फिरण्याचा रस्ता आणि स्वामिनारायण व साईबाबांची मंदिरे. मुंबईकडे परतताना एका रात्रीच्या मुक्कामाला योग्य. येथून दक्षिणेला पारशांचे उदवाडा गाव आहे. तेथील इराणशाह आतश बेहराममध्ये पारशेतरांना प्रवेश नाही, पण गावातल्या जुन्या घरांच्या गल्ल्या पायी पाहता येतात.

दमण. गोमंतकीय वाचकाला या सहलीत सर्वांत ओळखीचे वाटेल ते हे गाव. पोर्तुगिजांनी १५५९ साली ते घेतले व १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याबरोबरच ते मुक्त झाले. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य होईपर्यंत गोवा, दमण व दीव हा एकच प्रशासकीय प्रदेश होता. दमणगंगेच्या एका तीरावर मोटी दमण, दुसऱ्यावर नानी दमण. मोटी दमणच्या तटबंदीत सतराव्या शतकाच्या आरंभीचे बॉम जेझुस चर्च आहे. नानी दमणला सेंट जेरोमचा किल्ला. जांपोर व देवका या दोन किनाऱ्यांपैकी देवका खडकाळ आहे. चालण्यासाठी जांपोर अधिक चांगला. वापी स्थानकापासून दमण सुमारे १२ किलोमीटरवर आहे.

किनाऱ्यावरची खबरदारी

या किनाऱ्यांवर पोहण्याचा बेत करू नये. पाणी शांत दिसले तरी भरती-ओहोटीचा ओढा जोरदार असतो आणि गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. झेंडे व जीवरक्षकांची गोव्याइतकी व्यवस्था येथे गृहीत धरू नये.

धोक्याचा खरा प्रकार ओहोटीच्या वेळचा आहे. पाणी दूर गेलेले पाहून लोक त्याच्या मागे चालत जातात. भरती पूर्ण चढायला सुमारे सहा तास लागतात, पण ती एकसारखी चढत नाही. पहिल्या व शेवटच्या तासात ती मंद असते आणि मधल्या दोन तासांत एकूण चढावाचा निम्मा भाग पूर्ण होतो. सहा मीटरांच्या भरतीत हे प्रमाण दोन तासांत तीन मीटर. किनाऱ्याचा उतार शंभर मीटरला एक मीटर धरला, तर तेवढ्या वेळात पाण्याची कड तीनशे मीटर आत सरकते. त्यातच किनाऱ्यावरच्या ओहोळांत व खोलगट भागांत पाणी आधी शिरते. समोरचा समुद्र अजून दूर असतानाच मागची वाट पाण्याखाली गेलेली असू शकते.

म्हणून काही नियम पाळावेत. ओहोटीची वेळ उलटली की समुद्राच्या दिशेने चालणे थांबवावे व परत फिरावे. ओहोळ ओलांडून पलीकडे जाऊ नये. मुलांना एकटे सोडू नये. अंधार पडण्यापूर्वी वाळूवरून वर यावे. पाय घोट्याच्या वर रुतू लागल्यास पुढे न जाता आलेल्या वाटेनेच माघारी यावे. चिखलात कंबरेपर्यंत अडकलेल्या माणसाला भरतीपूर्वी बाहेर काढणे फार कठीण असते.

मोटारगाडी वाळूवर नेणे तर कटाक्षाने टाळावे. वरून टणक दिसणाऱ्या थराखाली ओला गाळ असतो. गाडी रुतली आणि भरती आली की वाहनाची आशा सोडावी लागते. डुमसला अशा घटना पुन्हा पुन्हा घडतात व पोलिसांची कारवाई होते ती वेगळी. अडचणीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक फिरवावा.

दारूबंदीचा कायदा

१ मे १९६० रोजी राज्याची स्थापना झाल्यापासून गुजरातेत दारूबंदी आहे. गोव्यात दुकानातून घेतलेली फेणीची बाटली भेट म्हणून पिशवीत टाकणे ही गोमंतकीयांना साधी गोष्ट वाटते; गुजरातच्या हद्दीत तो गुन्हा ठरतो. २०१७च्या दुरुस्तीनंतर दारूच्या विक्री व वाहतुकीसाठी दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे आणि वाहनही जप्त होऊ शकते. रेल्वेच्या डब्यात, बसमध्ये किंवा खासगी गाडीत कोठेही बाटली सापडली तरी सबब चालत नाही.

परराज्यातील पर्यटकांना ओळखपत्र व प्रवासाचा पुरावा दाखवून तात्पुरता परवाना मिळू शकतो. त्यावर ठरावीक दुकानातून ठरावीक प्रमाणातच खरेदी करता येते. गोव्यातून नेलेली बाटली त्या परवान्याने वैध होत नाही.

दमण केंद्रशासित प्रदेशात असल्याने तेथे दारू खुली आहे; परंतु दमणची हद्द ओलांडली की पुन्हा गुजरात सुरू होतो. नाक्यांवर तपासणी होते व थर्टीफर्स्टच्या सुमारास ती कडक असते. दमणहून सुरतेकडे किंवा वापी स्थानकाकडे येताना सोबत काहीही ठेवू नये. सुरतेच्या नातलगांसाठी गोव्याची भेट न्यायचीच असेल तर काजूगर, कोकमे किंवा दोदोल न्यावे.

प्रवास कसा करावा

मडगावहून सुरत लोहमार्गाने आठशे किलोमीटरांच्या आसपास आहे. केरळ-तमिळनाडूकडून ओखा, जामनगर, वेरावळ, भावनगर अशा ठिकाणी जाणाऱ्या गाड्या कोकण रेल्वेने मडगाव व वसई रोडमार्गे सुरतेला पोहोचतात. प्रवासाला साधारण चौदा ते सोळा तास लागतात. या गाड्या रोज नसतात. आठवड्यातून एक-दोन दिवस धावतात. म्हणून भरतीचे दिवस, गाडीचे दिवस आणि बाजाराचे दिवस यांची सांगड आधीच घालावी लागते. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. नाताळ व संक्रांतीच्या काळात त्याच दिवशी तिकीट काढणे हिताचे.

दुसरा मार्ग मुंबईत गाडी बदलण्याचा. मुंबईहून सुरत वेगवान गाड्यांनी सुमारे तीन तासांवर आहे. मात्र गोव्याच्या गाड्या मध्य रेल्वेच्या स्थानकांवर व सुरतेच्या गाड्या पश्चिम रेल्वेच्या स्थानकांवर येत-जात असल्याने मधे किमान तीन-चार तासांची फुरसत ठेवावी. सुरत स्थानकाच्या पुनर्विकासाच्या काळात काही गाड्यांना उधना स्थानकावर थांबा दिला जातो. तिकिटावर कोणते स्थानक आहे ते पाहून मगच रिक्षा किंवा हॉटेलची गाडी ठरवावी.

स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांना कोकणातून किंवा कोल्हापूर-पुण्यावरून मुंबई गाठून पुढे अहमदाबाद महामार्ग धरावा लागतो. एका दिवसात हा पल्ला मारण्याचा हट्ट करू नये. मधे एक मुक्काम घ्यावा.

शहरातले दोन दिवस

तापीकाठी चौक बाजारात सुरतेचा किल्ला आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीज आरमाराने सुरत एकाहून अधिक वेळा जाळली, तेव्हा गुजरातच्या सुलतानाने १५४०च्या दशकात तो बांधून घेतला. आता त्याचा जीर्णोद्धार होऊन आत वस्तुसंग्रहालय आहे.

मराठी वाचकाला सुरत म्हटले की १६६४ आठवते. त्या वर्षीच्या जानेवारीत छत्रपती शिवाजी महाराजांनी बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर तळ ठोकला. मोगल सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. महाराजांचा दुसरा छापा ऑक्टोबर १६७०चा. पहिल्या छाप्याच्या वेळी इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली सुरतेतच मरण पावला. कतारगाम रस्त्यावरील इंग्रजांच्या दफनभूमीत त्याची घुमटाकार, भव्य कबर आहे.

जवळच डचांची दफनभूमी आहे व तिच्यातील सर्वांत मोठी वास्तू हेन्ड्रिक व्हॅन रीड याची. डिसेंबर १६९१मध्ये समुद्रप्रवासात मृत्यू पावलेला हा डच अधिकारी ‘हॉर्टस मलबारिकस’ या केरळातील वनस्पतींवरच्या ग्रंथमालेचा कर्ता. १६७८ साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या तिच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व आपू भट या कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र आहे. त्यांच्या समाजाचे पूर्वज गोव्यातून दक्षिणेकडे स्थलांतरित झालेले. ज्यांच्या अक्षरांना व्हॅन रीडने ग्रंथात जागा दिली त्यांच्या मूळ भूमीतला प्रवासी त्याच्या कबरीपुढे उभा राहतो, तेव्हा सुरत परकी वाटत नाही.

खरेदीसाठी एक सूचना. रिंग रोडवरचे बाजार मुख्यतः घाऊक व्यापाराचे असून रविवारी बहुतांश बंद असतात. अनेक दुकाने एकच साडी विकत नाहीत. संच घ्यावा लागतो. लग्नघरातील दोन-तीन कुटुंबांनी मिळून खरेदी केली तर सोयीचे पडते. म्हणून रविवार समुद्राला न देता शहरातल्या वास्तूंना द्यावा. डुमसची रविवारची गर्दीही टळते.

खाणे

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही गुजराती म्हण प्रसिद्धच आहे. जेवावे सुरतेत आणि मरावे काशीत. हिवाळ्यात या म्हणीचा प्रत्यय येतो. पोंक ताजा, हिरवागार मिळतो. तो लिंबू-मिरीच्या किंवा लसणीच्या शेवेबरोबर, साखरेच्या बारीक गोळ्या व ताक यांच्यासह खातात. त्याचेच वडेही होतात. सुरती पापडी, कंद, वांगी, केळी व मेथीचे मुटके घातलेले हिरव्या वाटणाचे उंधियो संक्रांतीच्या दिवशी घरोघरी असते. न्याहरीला लोचो, सेव-खमणी व खमण. परतताना नानखटाई न्यावी. ती प्रवासात टिकते. मासळीची सवय असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की शहरातली बहुतेक उपाहारगृहे शाकाहारी आहेत व किनाऱ्यावर गोव्यासारख्या शॅकांची रांग नाही.

भाषेची अडचण सहसा येत नाही. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून कापडउद्योगासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत. रिक्षावाल्याशी मराठीत बोलणे सुरू केले तर पुष्कळदा अहिराणी वळणाच्या मराठीत उत्तर येते.

चार दिवसांचा आराखडा

सायंकाळची भरती ज्या तीन-चार दिवसांत आहे त्यांत हा आराखडा बसवावा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सुरत गाठून किल्ला पाहावा व सायंकाळी पोंक खावा. दुसऱ्या दिवशी सकाळी खरेदी, दुपारी चारपर्यंत डुमस किंवा सुवाली यांपैकी एक किनारा आणि सूर्यास्तानंतर लगेच परत. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही दफनभूमी पाहून नवसारीमार्गे दांडी, आणि रात्री वलसाड किंवा तिथलला मुक्काम. चौथ्या दिवशी उदवाड्यावरून दमण पाहावे व सायंकाळी वापीहून मुंबईच्या गाडीने परतीचा प्रवास सुरू करावा. लहान मुले असल्यास दांडी किंवा दमण यांपैकी एक वगळावे. सर्व ठिकाणे उरकण्याच्या घाईत भरतीची वेळ चुकते आणि मग समुद्र पाहूनही न पाहिल्यासारखा होतो.

निघण्यापूर्वी पाच गोष्टी तपासाव्यात : भरती-ओहोटीच्या वेळा, गाडीचे स्थानक व वार, बाजाराची सुटी, प्रत्येकाचे ओळखपत्र, आणि पिशवीत चुकूनही बाटली राहिलेली नाही ना. त्यांतली पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गोव्यात समुद्र दिवसभर वाट पाहत असतो. सुरतेला त्याच्या वेळेवर जावे लागते आणि त्याची वेळ संपण्याआधी परतावे लागते.